मदत हवी आहे: गेमच्या व्हिडिओत भलतंच दाखवतात, कसं बंद करू?

दोन_वेण्या:
लवकर सांगा कोणीतरी, तीन रात्री झोप नाही. मुलगा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचे व्हिडिओ बघतो, घर कसं बांधायचं वगैरे, म्हणून मी कधी डोकावले नाही. परवा पोळ्या लाटताना कानावर आलं म्हणून बघितलं तर त्यातला ठोकळ्यांचा माणूस दुसऱ्याचे डोळे काढतोय आणि कुजबुजतोय, "आईला सांगितलंस तर पलंगाखाली येईन". बाहेरचं चित्र मात्र हिरवंगार, हसरं. आता पोरगा बाथरूमचं दार लावू देत नाही. चॅनेल ब्लॉक केलं तर दुसऱ्या नावाचं तसलंच येतं.

टिंबटिंब:
वय किती? मोबाईल की टीव्ही? अकाउंट कोणाचं?

जुना_खेळाडू:
गेमला दोष देऊ नका, मी कित्येक वर्षं खेळतोय. युरोपातलं पेगी रेटिंग, म्हणजे गेम कितव्या वर्षापासून चालेल ते, ७ आहे माइनक्राफ्टला.

टिंबटिंब:
अहो ते रेटिंग गेमचं. त्यातली पात्रं घेऊन कोणीही घरबसल्या ॲनिमेशन बनवून टाकतं, त्याला पेगी कुठे विचारतंय? ताईंचा प्रश्न व्हिडिओचा आहे.

रानवाट:
टीव्हीच काढून टाका. आमच्याकडे नाही, मुलं मैदानात असतात, काही अडत नाही.

दोन_वेण्या:
रानवाट, आम्ही दोघं सातला घरी येतो, तोवर आजी एकट्या असतात, काढून टाका म्हणणं सोपं आहे. वय ६. टीव्हीवर, माझंच अकाउंट.

चष्मेबहाद्दर:
सहाव्या वर्षी टीव्ही? डोळे तपासून घ्या.

टिंबटिंब:
हे आधी सांगायचं ना. यूट्यूब असेल तर तुमच्या अकाउंटवर त्याला मोठ्या माणसाचं यूट्यूब दिसतंय, आणि एक बघितला की तसलेच पुढे येतात. यूट्यूब किड्समध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या यूट्यूबमध्ये, त्याचं प्रोफाइल करा आणि तुम्ही मंजूर केलेलंच दिसेल हा पर्याय निवडा, त्यात सर्चही बंद होतो. नुसता ५ ते ८ वयोगट निवडून थांबू नका, तिथे निवड बरीचशी मशीन करतं आणि चुकतं. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, बंद. तुमच्या अकाउंटची हिस्ट्री पुसा. टीव्हीवर तुमच्या अकाउंटला लॉक लावता येत असेल तर लावा नाहीतर तो रिमोटने तिकडेच जाईल.

जुना_खेळाडू:
मग गेमचे व्हिडिओ गेलेच की सगळे.

टिंबटिंब:
घरं बांधायचे चार चॅनेल त्यांनी स्वतः बघून मंजूर करावेत.

सावली७:
सेटिंग ठीक आहे पण "आईला सांगू नको" हे त्याच्या डोक्यात बसलंय त्याचं काय? आज रात्री त्याच्याजवळ बसा, रागवायचं नाही, पलंगाखाली टॉर्च लावून दोघांनी बघा.

रानवाट:
टॉर्चने भीती वाढते.

सावली७:
माझ्या मुलीची गेली. मी अनुभवाचं सांगतेय.

दोन_वेण्या:
हिस्ट्री पुसायच्या आधी खालपर्यंत बघितली, दोन महिने चालू होतं हे. टॉर्च घेऊन बसलो दोघं. पलंगाखाली त्याचा एक मोजा निघाला. मग हळूच म्हणाला, "तू टीव्ही बंद करशील म्हणून नाही सांगितलं." लॉकचा पर्याय कुठे असतो, सापडत नाहीये.

टिंबटिंब:
टीव्ही कुठल्या कंपनीचा?