फोनवर अक्षरं उमटतात म्हणून तोंड फिरवून बोलायचं का?

कानोसा (धागाकर्ता)

दोन्ही कानांना मशीन लावतो. उजव्या कानाने राजीनामा दिलाय, डाव्यात थोडी धुगधुगी आहे. समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटवणारं ॲप बरीच वर्षं वापरतोय. २०१९ च्या फेब्रुवारीत गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब आलं, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी घरातल्या एकेकाला समोर बसवून काहीबाही बोलायला लावलं होतं. भाचा कंटाळून उठला आणि जाता जाता जे पुटपुटला तेही पडद्यावर उमटलं. त्याला ते कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हा मी या तंत्रज्ञानाचा शत्रू आहे असा समज कृपया करून घेऊ नका.

तक्रार माणसांबद्दल आहे. पूर्वी माझ्याशी बोलायचं तर लोक समोर यायचे. उगाच ओरडायचे, शब्द ताणायचे, पण तोंड माझ्याकडे असायचं. आता लॅपटॉपमध्ये डोकं घालून बोलतात, पाठमोरे बोलतात, दुसऱ्या खोलीतून बोलतात. मी "काय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "फोन आहे ना तुझ्याकडे?" मागच्या आठवड्यात मीटिंगला नऊ जण होतो, लांबट टेबल, मी एका टोकाला. तिघं एकदम बोलायला लागले आणि पडद्यावर तिघांच्या वाक्यांचा काला झाला. एकेकाने बोला म्हणून हात वर केला. साहेब म्हणाले, "का रे, ॲप बंद पडलं का?" सगळे हसले आणि विषय पुढे गेला.

ओठ वाचायची सवय असलेल्यांना ठाऊक असेल, प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. पान, बाण, मान, तिन्ही एकच. त्यातला नेमका कुठला हे संदर्भावरून आणि चेहऱ्यावरून ताडायचं असतं. फोनकडे पाहिलं की चेहरा हातचा जातो, चेहऱ्याकडे पाहिलं की ओळ वर सरकून जाते. शिवाय टोमणा आणि कौतुक पडद्यावर एकाच टायपात येतात.

माझं मत: ॲपने माझी अडचण थोडी कमी केली, पण बोलणाऱ्यांची जबाबदारी पार काढून घेतली. म्हणून महिनाभरापासून घरी जेवताना फोन टेबलावर ठेवणं बंद केलंय. ज्याला बोलायचंय त्याने माझ्याकडे बघून बोलावं. पटतंय का कुणाला?

टकळी

अजिबात नाही. तुमच्याकडे अजून हट्ट धरण्याइतका डावा कान आहे, म्हणून हे सुचतंय.

बाबांचं ऐकणं साठीनंतर गेलं. पहिली दोन वर्षं "काय?" विचारायचे. मग विचारणंच सोडलं आणि सगळ्याला "हो हो" म्हणायला लागले. "कधी निघायचं?" "हो हो." "डॉक्टर काय म्हणाले?" "हो हो." आम्ही हसायचो, तेही हसायचे. त्या हसण्यामागे काय होतं हे कळायला मला फार उशीर लागला. तिसऱ्यांदा "काय?" विचारताना माणसाला लाज वाटते हो. फोनला तिसऱ्यांदा विचारावं लागत नाही. ॲप हातात दिल्यावर पंधरवड्यात त्यांनी माझ्या एका वाक्यातली चूक काढली. मधली सहा वर्षं त्यांनी माझी एकही चूक काढली नव्हती.

जगाने सभ्यपणे समोर बसून बोलावं ही अपेक्षा बरोबरच आहे. पण तोवर त्यांनी काय करायचं?

ढगातला पांथस्थ

मशीन नीट ट्यून करून घ्या, ॲपची भानगडच नको. आजकाल चांगली डिजिटल येतात.

सप्तसूर

@ढगातला पांथस्थ, ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून राहवत नाही. मशीन आवाज मोठा करतं. आतल्या कानातल्या पेशी मेल्या असतील तर तो आवाज स्पष्ट होईलच असं नाही. पुष्कळांचं आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, म्हणजे स, श, फ यांसारखे आवाज. स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. "आवाज येतो पण शब्द कळत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ४३ कोटी लोकांना उपचार-पुनर्वसन लागेल इतका श्रवणदोष असल्याचं म्हटलंय. ती सगळी माणसं मशीन ट्यून करायला विसरली आहेत का?

मशीन आणि अक्षरं दोन्ही वापरावीत. अर्धवट ऐकलेला शब्द डोळ्यांनी पक्का होतो.

धांदरट

थोडं तांत्रिक. ॲप "९५ टक्के अचूक" म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. चुकलेले, गाळलेले आणि पदरचे घातलेले शब्द मोजायचे आणि मुळात बोललेल्या शब्दांनी भागायचं, हा त्या चुकांच्या दराचा हिशेब. मिनिटाला १२० शब्द धरले तर ९५ टक्क्यांतसुद्धा मिनिटाला ६ चुका. आणि या हिशेबात सगळे शब्द एकाच तागडीत. "आणि" गळलं काय, "नाही" गळलं काय, चूक एकच.

मराठीत हे जास्त टोचतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो. "ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही." वाक्य संपता संपता आपण आवाज खाली सोडतो, डॉक्टर तर कागदाकडे वळलेले असतात. तो शेवटचा शब्द गेला की सल्ला उलटा. पडद्यावर मात्र वाक्य पूर्ण आणि शुद्ध दिसतं! ऐकताना चुकलं तर निदान शंका तरी येते.

दुसरी गोष्ट बोलणाऱ्याची. २०२० साली पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या होत्या. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे १९ चुका, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. यंत्राला ज्या वळणाची भाषा शिकवली तीच त्याला येते. ओपनएआयची व्हिस्पर ही बोलणं अक्षरांत उतरवणारी यंत्रणा, तिच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का नमुन्यांत कुणीही न बोललेली अख्खी वाक्यं सापडली. मेंदूच्या आजारामुळे थांबत थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे माणूस शब्द शोधत गप्प राहिला की यंत्र आपल्या मनाचं बोलतं.

@कानोसा, तुमच्या मीटिंगबद्दल मात्र थोडं तुमचंही चुकलं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. टेबलाच्या टोकाला फोन ठेवून पलीकडच्या टोकाचं कसं उमटणार? ब्लूटूथ माइक मध्यभागी ठेवा.

कानोसा

@धांदरट, माइक आहे. मध्यभागी ठेवतो. त्यावर लोक फाइली ठेवतात.

@टकळी, बाबांचं वाचून गलबललो. पण एक विचारतो, त्या सहा वर्षांत तुमच्यापैकी कुणी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याशेजारी बसलं होतं का? ॲप २०१९ चं असेल, कागद जुना आहे.

टकळी

नाही. बसलो नव्हतो. आणि म्हणूनच ॲप हवं.

खोडरबर

@कानोसा, तुमच्या मांडणीत असं ध्वनित होतंय की ऐकू येणाऱ्यांनी स्वतःची सुटका करून घ्यायला हे यंत्र तुमच्या गळ्यात मारलं. इतिहास उलटा आहे. लाइव्ह ट्रान्सक्राइबमागचे गूगलमधले संशोधक दिमित्री कनेव्स्की स्वतः लहानपणापासून बहिरे. मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी दूर बसलेला माणूस ऐकून टाइप करायचा, ती सेवा महाग आणि आधी ठरवून घ्यावी लागणारी. कुणी दारात उभं राहून सहज दोन वाक्यं बोललं तर त्याला टायपिस्ट कुठून आणायचा? यूट्यूबवर २००९ मध्ये आपोआप उमटणारी कॅप्शन आली, त्यामागचे इंजिनिअर केन हॅरेनस्टीन, तेही बहिरे.

अजून मागे जा. बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये मिळालं. त्याची आई बहिरी होती, पुढे बायकोही बहिरीच. तरी बहिऱ्यांना टेलिफोनच्या तारेवरून टाइप करून बोलता आलं ते १९६४ मध्ये, रॉबर्ट वाइटब्रेख्त या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने जुन्या टेलिप्रिंटरला जोडणी करून दिली तेव्हा. मध्ये ८८ वर्षं गेली. ऐकणाऱ्यांच्या सौजन्याची वाट बघण्याचा भाव हा आहे. तुम्ही जेवणाच्या टेबलावर तीच वाट बघायला बसलाय.

उंबरठा

माझा मुद्दा कुणी मांडलाच नाही. समोरच्याच्या फोनवर माझं बोलणं उमटतंय, ते जातं कुठे? शेजारच्या काकूंनी फोन पुढे केला की मी आपोआप कमी बोलते.

खोडरबर

@उंबरठा, ॲपवर अवलंबून आहे. काहींत आवाज सर्व्हरवर जातो, काहींत सगळं फोनमध्येच होतं. काकूंना विचारा आणि सेटिंग बघा. पण कमी बोलू नका हो, त्यांना आधीच कमी मिळतं.

बोटभर

सगळे वाचले. आता माझे.

मी जन्मापासून बहिरी. तुम्ही सगळे ज्यांचे ऐकणे गेले त्यांच्याविषयी लिहिता. माझे गेले नाही, माझ्याकडे ते नव्हतेच. माझी पहिली भाषा खुणांची. मराठी मी पुस्तकातून शिकले, दुसरी भाषा म्हणून. खुणांच्या भाषेचे व्याकरण वेगळे आहे, भुवई वर गेली की प्रश्न होतो. कॅप्शन म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्या भाषेतला मजकूर, तोही पळणारा, चुकांसहित. माझ्या काही मित्रांना इतक्या वेगाने वाचता येत नाही. त्यांना कुणी शाळेत नीट वाचायला शिकवले नाही, कारण शाळेत सगळा वेळ त्यांना बोलायला शिकवण्यात गेला.

एका कामासाठी मी दुभाषी मागितला. उत्तर आले, "ॲप आहे, दुभाषी कशाला?" ॲप तुमचे बोलणे माझ्यापर्यंत आणते. माझे बोलणे? माझा आवाज त्याला समजत नाही. बहिऱ्या माणसाचा उच्चार ओळखायला यंत्राला वेगळे शिकवावे लागते. गूगलने २०१९ मध्ये त्यासाठी प्रोजेक्ट युफोनिया सुरू केला, पण त्या दिवशी त्या टेबलावर तो नव्हता. मी टाइप करत बसले, समोरचा घड्याळ बघत बसला.

तरी ॲप काढून टाकणार नाही. खरे कारण सांगते. रांगेत उभी असताना चालू करते आणि पुढच्या दोघांचे भांडण वाचते. तुम्हाला हे जन्मभर फुकट मिळते.

धांदरट

@बोटभर, शेवटच्या परिच्छेदाला +१००. दुभाष्याबद्दल पूर्ण सहमत. "ॲप आहे ना" म्हणून माणूस नाकारणं हा @कानोसा यांच्या साहेबांचाच प्रकार, फक्त सरकारी कागदावर.

तिसऱ्यांदा सांगते

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको चाललं होतं. मी पलीकडच्या बाजूची. मला ऐकू येतं, नवऱ्याला नाही. बावीस वर्षं झाली.

ऐकणाऱ्यांची जबाबदारी, सौजन्य, सगळं मान्य. आता ती रोजची कशी असते ते सांगते. एकेक वाक्य तीनदा. दुसऱ्यांदा म्हणताना ते आखूड होतं, तिसऱ्यांदा फक्त मुद्दा उरतो. विनोद तिसऱ्यांदा सांगून बघा एकदा. आवाज चढवला की चेहरा आपोआप रागावलेला होतो. तो ऐकत नाही, चेहरा वाचतो, म्हणून त्याला वाटतं मी चिडले. मी चिडलेली नसते, आणि मग खरंच चिडते. पाहुणे आले की मी दुभाषी. सगळे हसतात, तो माझ्याकडे बघतो, आणि मी म्हणते, "नंतर सांगते." बहिऱ्या माणसांना या दोन शब्दांचा किती राग येतो मला माहीत आहे. तरी म्हणते, कारण मलाही कधीतरी नुसतं हसायचं असतं. नंतर सांगायचं राहून जातं. दर वेळी.

फोनवर अक्षरं यायला लागल्यावर आम्ही बऱ्याच वर्षांनी नीट भांडलो. म्हणजे मी पूर्ण वाक्यांत बोलले, हळू आवाजात, आणि त्याने वाचून मुद्द्याला मुद्दा दिला. एका जागी ॲपने भलतंच काहीतरी लिहिलं आणि दोघंही हसत सुटलो, ते सोडा. सांगायचं इतकंच की त्या संध्याकाळी मी त्याची बायको होते, लाउडस्पीकर नव्हते.

@कानोसा, तुम्ही महिनाभर फोन बाजूला ठेवलाय. मग तुमच्या टेबलावर तिसऱ्यांदा कोण सांगतं?

टकळी

टाळ्या.

कानोसा

@बोटभर, तुमचा प्रतिसाद वाचून ओशाळलो. मी "आपण" म्हणत होतो त्यात तुम्ही नव्हता, हे लक्षातच आलं नव्हतं.

@खोडरबर, ८८ वर्षांचा हिशेब डोक्यात राहील. पण वाइटब्रेख्त यांच्या तारेच्या दोन्ही टोकांना टाइप करणारी माणसं होती. कष्ट निम्मेनिम्मे. माझ्या ऑफिसात ते एकाच टोकाला आलेत आणि ते टोक माझं आहे. यावर मी ठाम आहे. साहेबांना उद्या लेखी कळवतोय की माइकवर फाइल ठेवायची नाही. "नाही" ठळक अक्षरांत.

@तिसऱ्यांदा सांगते, बहीण. तिसऱ्यांदा ती सांगते. मी फोन ठेवणं बंद केलं तेव्हा तिला विचारलं नव्हतं. विचारतो.

तिसऱ्यांदा सांगते

विचारून इथे लिहा.

कानोसा

विचारलं. ती भांडी घासत होती, नळ चालू. पाठमोरीच बरंच काही बोलली, चांगलं मिनिटभर. मी "काय?" म्हटलं. तिने नळ बंद न करता परत सांगितलं, या वेळी आखूड. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. घेऊन येतो आणि पुन्हा विचारतो.