सॅकोरायटसला आपला पूर्वज ठरवायची घाई झाली का?

शिंपला:
चीनच्या शान्शी प्रांतात सुमारे ५३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सॅकोरायटस नावाचा जीवाश्म सापडला. जेमतेम एक मिलिमीटरची पिशवी, भलंमोठं तोंड, गुदद्वार नाहीच. २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडणी आली की गिळलेलं पाणी अंगावरच्या शंकूसारख्या भोकांतून बाहेर जात असावं, म्हणजे आपल्या कुळाची खूण असलेल्या कल्ल्यांच्या फटींची ही सुरुवात. झालं, आपला सर्वांत जुना पूर्वज म्हणून त्याची चित्रं जगभर फिरली. २०२२ मध्ये कळलं, ती भोकं म्हणजे काटे मोडून उरलेल्या जागा! एवढ्याशा पुराव्यावर वंशावळ मांडायलाच नको होती. मी नववीच्या वर्गात फळ्यावर 'आपले खापरपणजोबा' काढून दाखवले होते. ती मुलं शाळा सोडून गेली, त्यांना आता कुठे गाठू?

भरतीओहोटी:
तुमची तळमळ पटते, घाईचा आरोप पटत नाही. जिवंत तिसऱ्या, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या खायच्या शिंपल्या, मिठाच्या पाण्यात ठेवून बघा. थोड्या वेळाने कवच उघडतं, दोन नळ्या बाहेर येतात. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. पाणी गाळून खाणाऱ्याला ते बाहेर सोडायला वाट लागतेच. गुदद्वार नाही आणि अंगावर भोकं आहेत, मग दुसरं काय सुचणार? तर्क छापला म्हणूनच इतरांनी तो तपासला. नवे नमुने सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांखाली ठेवले, तेव्हा काटे दिसले.

खडकवाचक:
आणि चुकीतून हाती काय आलं तेही बघा. आता त्याला कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या गटात धरतात, म्हणजे आपल्यापेक्षा कोळंबीला जवळचा. या गटात बहुतेकांना गुदद्वार असतं. मग याच्या वंशात ते नंतर नाहीसं झालं असणार. मला तर हे खापरपणजोबांपेक्षा जास्त थरारक वाटतं.

शिंपला:
थरारक आहे, मान्य. संशोधकांनी 'असावं' लिहिलं होतं हेही मान्य. पण चित्रात 'असावं' दिसत नाही. दगडात जे आहे ते ठळक रेषेने काढा, कल्पनेतलं तुटक रेषेने. एवढं तरी करता आलं असतं.

भरतीओहोटी:
तुटक रेषेला माझा पाठिंबा. पण अर्धवट पुराव्यावर बोलूच नका म्हणाल, तर त्याला नाही. तसं असतं तर त्या मिलिमीटरभर पिशवीकडे दुसऱ्यांदा कोणी वळूनही पाहिलं नसतं.