वर्क अँड हॉलिडे: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी नेमकं लिहा

ऑस्ट्रेलिया नाहीतर इंग्लंडला काम करत वर्ष-दोन वर्षं राहायचं म्हणणारी पोरंपोरी आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडेही बरीच आहेत. जाणकारांनी कागद, पैसे आणि काम कुठे अडतं ते लिहावं.

पाचोरा: आधी नाव तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात, पॅनवर अजून तिसरंच काही. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे म्हणजे ४६२ नंबरच्या व्हिसाच्या सोडतीला पासपोर्ट आणि पॅन दोन्ही लागतात. नंबर लागला की अर्जाला २८ दिवस मिळतात, त्यात पॅनची दुरुस्ती धरू नका. ती आजच टाका.

धुळे: ही सोडत भारतीयांसाठी १ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्यांदा खुली झाली. वर्षाला जागा १०००. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं उच्चशिक्षण, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५. सोडतीचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर परत मिळत नाहीत. खात्यात ५००० डॉलर, म्हणजे साधारण तीन लाख रुपये दाखवायचे; तिकिटाचे वेगळे. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, नावं यंत्र काढतं.

चोपडा: इंग्लंडच्या यंग प्रोफेशनल्स योजनेची सोडत फुकट आहे. पदवी हवी, मुदत दोन वर्षं, इंग्रजीची परीक्षा नाही. खर्च नंतर येतो: आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही दोन्ही वर्षांचा एकदम. शिवाय २५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात पडून हवेत. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा, गावातला एक्स-रे चालत नाही.

रावेर: केळीवाल्यांनो, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं टली आणि इनिसफेल म्हणजे आपलाच पट्टा समजा. फरक घडाच्या वजनात आणि पावसात. तिथला घड ४०-५० किलोचाही भरतो. कापणारा खोडाला अर्धवट कोयता मारतो, झाड वाकतं, घड खाली येतो. त्याच वेळी खाली उभ्याने खांदा नेमका घडाच्या मध्याखाली द्यायचा. पुढे झालं तर तोल जातो, मागे राहिलं तर पाठ धरते. दांडा तुटायच्या आत पाय रोवलेले हवेत. घडावरच्या पिशवीत उंदीर, बेडूक, कोळी निघतात. उंदरांमुळे त्या भागात लेप्टोचा धोका खरा आहे; हाताला चीर असेल तर झाकूनच चिखलात उतरा, आणि ताप आला की डॉक्टरला केळीत काम करतो हे सांगा.

भुसावळ: पगारपत्रकं जपून ठेवा, एकही टाकू नका. ऑस्ट्रेलियात ठरलेल्या भागात शेतीचं तीन महिने काम केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो, आणि पुरावा म्हणून तीच लागतात. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. करखात्याकडे नोंदणी केलेला मालक पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतो. परत येताना सुपर (मालक भरतो तो पेन्शनचा फंड) काढलं की त्यातले ६५ टक्के करात जातात, म्हणून ती रक्कम हिशोबात धरू नका. तोडणीचे पैसे नगावर ठरले तरी एप्रिल २०२२ पासून तासाच्या किमान मजुरीखाली देता येत नाहीत.

नंदुरबार: घरचं लोणचं, मेहरुणची बोरं, बियाणं बॅगेत नको. खायचं काहीही असलं तरी ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावरच्या कार्डावर ‘हो’ लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड.

यावल: केळीचा चीक कपड्यावरून निघतो का?

रावेर: नाही. कामाचे दोन जोड वेगळेच ठेवा, गडद रंगाचे.