मदत हवी आहे: जुना होम थिएटर, नवा टीव्ही, केबलचा सेट टॉप बॉक्स. आवाज येतो, पण सोबत घूंऽऽ पण येतं

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ आहे, पण चार दिवस आमच्या घरात दुसरं बोलणं नाही, म्हणून धागा काढतेय.

सासऱ्यांना (आमचे बाबा, वय ७८) कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते कपाटात ठेवायचं असतं असा त्यांचा समज आहे. टीव्हीचा आवाज ४५ वर नेला तरी "हे लोक पुटपुटतात" अशी तक्रार. खरं सांगायचं तर नव्या टीव्हीवर मलाही संवाद नीट कळत नाहीत. माळ्यावर बाबांनीच २००९ च्या दिवाळीत हौसेने घेतलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक बासचा डबा) होम थिएटर आहे, डीव्हीडीवाला. २०११ ची वानखेडेवरची फायनल आम्ही त्याच्यावर ऐकली (पाहिली असं म्हणवत नाही, टीव्ही तेव्हा एवढासा डबा होता). दुकानदार म्हणाला भंगारात द्या, साउंडबार घ्या. बाबा म्हणाले, आधी मला द्या भंगारात. तेव्हा जोडायचा तर तोच.

टीव्ही भिंतीवर टांगलेला, मागे बोटं जेमतेम जातात. मोबाइल आत सरकवून फोटो काढले, त्यावरून लिहितेय. टीव्हीला तीन एचडीएमआय, त्यातल्या दुसऱ्यावर 'एआरसी' लिहिलंय (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून बाहेर न्यायची सोय म्हणे). एक ऑप्टिकल, आणि पिवळी-पांढरी-लाल भोकं. हेडफोनचं भोक नाही. होम थिएटरला एकच एचडीएमआय आणि लाल-पांढरं ऑक्स (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक). ऑप्टिकल नाही. बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला आहे.

आधी होम थिएटरची एचडीएमआय टीव्हीच्या एआरसीला लावली. डीव्हीडी झकास चालते, पण केबलचा आवाज होम थिएटरमधून शून्य. मग टीव्हीच्या लाल-पांढऱ्यातून ऑक्सला वायर नेली, तरी शून्य. शेवटी बॉक्सच्या लाल-पांढऱ्यातून थेट ऑक्सला नेली आणि आवाज आला! पण सोबत सतत घूंऽऽ. मालिकेत कुणी गप्प बसलं (ते फार वेळा बसतात) की नुसतं घूंऽऽ ऐकत बसायचं. शिवाय टीव्हीतलं यूट्यूब लावलं की होम थिएटर मुका, आणि बाबांचं सकाळचं कीर्तन यूट्यूबवरच असतं.

आणि हो, केबलच्या पिनेला बोट लागलं तर झिणझिण्या आल्या. हे नॉर्मल आहे का? नवरा महिनाभर बाहेरगावी आहे, त्यामुळे कृपया मला समजेल असं सांगा.

प्रतिसाद:
होम थिएटरवरच्या एचडीएमआयच्या शेजारी काय लिहिलंय? नुसतं 'आउट' असेल तर तिथून चित्र-आवाज बाहेर पडतो, आत काही येत नाही. एआरसी एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आलं, तेही २००९ मध्येच. तुमचा डबा त्याच्या आधीचा दिसतो. एआरसी दोन्ही टोकांना लागतं, फक्त टीव्हीवर लिहिलेलं असून उपयोग नाही.

धागाकर्ती:
नुसतं 'आउट' आहे. म्हणजे दोन दिवस उगाच सेटिंग खणत बसले.

प्रतिसाद:
आणि टीव्हीची लाल-पांढरी भोकं बहुतेक 'इन' असणार. तुम्ही इनला इन जोडलंत. लाजू नका, मी तसंच करून केबलवाल्याशी भांडलो होतो.

प्रतिसाद:
ताई, आधी झिणझिण्यांचं. बॉक्सचा आणि होम थिएटरचा प्लग काढल्याशिवाय मागे हात घालू नका. नंतर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. केबलच्या वायरची बाहेरची जाळी गच्चीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आणि तिथून इतर घरांपर्यंत जोडलेली असते. तुमच्या घरातलं अर्थिंग आणि त्या जाळीचं अर्थिंग यांत थोडा फरक असला की दोन्हींमधून करंट फिरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तेच घूंऽऽ म्हणून ऐकू येतं.

खात्री करायची तर प्लग काढून बॉक्सची केबल पिळून सोडवा, मग सगळं परत चालू करा. चित्र जाईल, पण घूंऽऽ थांबलं तर चोर सापडला. थ्री-पिन प्लगची जाडी (अर्थिंगची) पिन तोडून आवाज घालवणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता इलाज. टीव्हीचं ऑप्टिकल वापरा. त्या वायरीतून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे केबलची जाळी होम थिएटरपासून तुटते. तुमच्याकडे ऑप्टिकल इन नाही, म्हणून मध्ये 'डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर' लागेल. काडेपेटीएवढी डबी असते, काही शेकड्यांत मिळते. एका बाजूने ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूने लाल-पांढरं, ते तुमच्या ऑक्सला. केबल आणि यूट्यूब दोन्हींचा आवाज टीव्हीतूनच निघणार, म्हणजे कीर्तनही सुटलं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट ऑप्टिकल करा आणि डिजिटल फॉरमॅट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) ठेवा. बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी (दाबून भरलेला आवाज) ठेवलंत तर साध्या डबीला ते कळत नाही, एक तर शांतता, नाहीतर खरखर.

धागाकर्ती:
केबल सोडवली. घूंऽऽ गायब! बाबा शेजारून म्हणतात, चित्र पण गायब. डबी मागवतेय.

धागाकर्ती (पाच दिवसांनी):
डबी आली. पहिला तास पूर्ण शांतता. मग लक्षात आलं की ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायच्या असतात. काढल्यावर टोकाला लाल उजेड दिसला, वायर टक्कन बसली, आवाज आला. आणि पाठोपाठ घूंऽऽ पण आलं. रडू यायचं बाकी आहे.

प्रतिसाद:
डबीला वीज कुठून दिलीय? टीव्हीच्या यूएसबीमधून?

धागाकर्ती:
हो. वायर आखूड आहे, तेच जवळ होतं.

प्रतिसाद:
मग उजेडाने जे तोडलं ते यूएसबीच्या तारेने परत जोडलंत. डबी मोबाइलच्या जुन्या चार्जरवर लावा, टीव्हीला तिची एकही तार नको.

धागाकर्ती:
गेलं!! पाच मिनिटं सगळे नुसते शांतता ऐकत बसलो. आवाज मात्र पुढच्या दोनच स्पीकरमधून येतोय.

प्रतिसाद:
ऑक्समधून स्टिरिओच जाणार. होम थिएटरच्या रिमोटवर सराउंड किंवा 'प्रोलॉजिक' असं बटण असेल, ते दाबा, पाचही बोलतील. मधल्या स्पीकरची पातळी वाढवा, संवाद त्यातूनच येतात. आजोबांसाठी खरा उपाय तोच.

धागाकर्ती:
मधला वाढवला. बाबा म्हणाले, "आता कळतंय, ही सून खोटं बोलतेय." मालिकेतली, मी नव्हे. एकच अडचण उरलीय, रिमोट तीन झालेत, आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही.

प्रतिसाद:
बऱ्याच टीव्हींवर ऑप्टिकलची पातळी ठरलेली असते, ती टीव्हीच्या रिमोटला दाद देत नाही. होम थिएटरचा आवाज एकदाच बऱ्यापैकी लावून ठेवा. बॉक्सच्या ऑडिओत डॉल्बी निवडलेलं असेल तर स्टिरिओ करा, मग बहुतेक बॉक्सवर त्याच्याच रिमोटने आवाज बदलतो. आजोबांच्या हातात तेवढा एकच द्या. बाकीचे दोन कानाच्या यंत्राशेजारी कपाटात.