भावाची अमेरिकेत पॉलिग्राफ चाचणी आहे, इकडून कोणते कागद काढू आणि त्याने काय तयारी करावी?

विश्रामबाग

धाकटा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे. तिथल्या एका सरकारी खात्यात संगणकाच्या कामासाठी निवड झालीय. सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे गोपनीय कामाच्या परवानगीचा, एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म भरून झाला, आता पॉलिग्राफची, म्हणजे लाय डिटेक्टरची, तारीख आलीय.

वडील गेल्यावर तासगाव तालुक्यातल्या शेतीला वारस नोंद लागली. त्यात आई, मी आणि तो अशी तिघांची नावं आहेत. ही जमीन त्याने फॉर्ममध्ये लिहिलेली नाही, कारण नाव लागल्याचं त्याला माहीतच नव्हतं. आईबरोबर सांगलीत बँकेत जुनं जोडखातं आहे. आईला तो दरमहा पैसे पाठवतो.

त्याला बीपीची गोळी चालू आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. श्वास रोखायचा, जीभ चावायची असले व्हिडिओ बघत बसलाय. त्याचा काही उपयोग होतो का? आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने संमतीशिवाय अशी चाचणी घेता येत नाही असं सांगितलंय, ते त्याला लागू होईल का?

कृष्णाकाठ

ताई, कोर्टाचं आधी सांगतो. तो निकाल ५ मे २०१० चा, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य. गुन्ह्याच्या तपासात माणसाची मर्जी नसताना नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. तिकडच्या नोकरीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना उमेदवाराची पॉलिग्राफ घ्यायला मनाई आहे, पण सरकारला त्यातून सूट आहे. भाऊ नाही म्हणू शकतो, कोणी बळजबरी करणार नाही. फक्त अर्ज तिथेच अडकतो.

आता चाचणी. बहुतेक लोक मशीनची धास्ती घेतात, पण खरं वजन मशीन लावण्याआधीच्या बोलण्याला आहे. परीक्षक प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवतो, त्यातल्या शब्दांचा अर्थ ठरवून घेतो. मशीन लावल्यावर न सांगितलेला प्रश्न येत नाही. समजा प्रश्न आहे, ‘परदेशी व्यक्तीशी असलेला संबंध तुम्ही लपवलाय का?’ आणि भावाच्या मनात तासगावची जमीन, जोडखातं, एखादा फौजेतला चुलत भाऊ हे सगळं घोळतंय. ते त्याने आधीच बोलून टाकलं, तर प्रश्नाचं रूपच बदलतं: ‘आपण आत्ता बोललो ते सोडून, आणखी काही लपवलंय का?’ आता ‘नाही’ म्हणताना मागे काही ओढत नाही. न बोलता बसला, तर हाच प्रश्न दर फेरीला त्याला टोचणार.

मशीनचं म्हणाल तर छातीला एक आणि पोटाला एक नळी, घामासाठी बोटांना पट्ट्या, दंडाला बीपी मोजतात तसा पट्टा, खुर्चीवर हालचाल टिपणारी गादी. दंडाचा पट्टा फुगलेलाच राहतो. दोन-तीन मिनिटांत हात जड होतो, बोटांना मुंग्या येतात. म्हणून एक फेरी साधारण पाच मिनिटांत आटपून हवा सोडतात. दोन प्रश्नांमध्ये वीस-तीस सेकंद नुसती शांतता असते आणि तीच प्रश्नमाला तीन किंवा जास्त वेळा होते. उत्तर फक्त हो किंवा नाही. त्या शांततेत माणूस ‘माझा हात थरथरला का’ असा विचार करत बसतो. त्याला आधीच सांगून ठेवा की शांतता हा चाचणीचाच भाग आहे.

भित्रेपणाची काळजी करू नका. आलेख त्याचाच त्याच्याशी ताडून बघतात, दुसऱ्या धीट माणसाशी नाही. सगळ्याच प्रश्नांना घाम येत असेल तर त्यातून खास काही निघत नाही.

व्हिडिओ मात्र आजच बंद करा म्हणावं. निरोगी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. कोणी ठरवून सहा-सात वर आणला की छातीच्या रेषेत ते लगेच उठून दिसतं. पाय दाबले, अंग आवळलं की गादी पकडते. तशी शंका आली तर अहवालात ‘सहकार्य केलं नाही’ असं लिहिलं जातं आणि ते साध्या घाबरण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं. पॉलिग्राफबद्दल काय वाचलंय, असं विचारलं तर जे पाहिलं ते सरळ सांगावं.

शेवटी परीक्षक म्हणू शकतो, ‘या प्रश्नाला तुमची प्रतिक्रिया दिसतेय, मनात काय आलं?’ इथे निर्दोष माणूस फसतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून अंदाजाने काहीतरी बोलतो आणि ते कबुली म्हणून नोंदलं जातं. खरंच काही आठवलं तर सांगावं. नसेल तर ‘आणखी काही नाही’ म्हणून गप्प बसावं, परीक्षक दहादा विचारो.

मशीन खोटं ओळखत नाही, शरीराची खळबळ मोजतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ च्या अहवालात हिशेब मांडलाय: १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर असतील आणि त्यातले ८ सापडतील एवढी कडक चाळणी लावली, तर जवळपास १,६०० निर्दोष लोकही त्यात अडकतात. उलट रशियाला माहिती विकणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळी पास झाला होता. त्यामुळे पहिल्या दिवशी निकाल अनिर्णित आला, दुसऱ्यांदा बोलावलं, तरी भावाने खचून जाऊ नये. असं अनेकांना बोलावतात.

गटनंबर

कागदांचं मी सांगतो, कारण जमीन फॉर्ममध्ये नाही हेच इथे सगळ्यात तातडीचं आहे. चाचणीच्या दिवसाची वाट बघू नका. भावाने आजच आपल्या सिक्युरिटी अधिकाऱ्याला किंवा चौकशी अधिकाऱ्याला लेखी कळवावं: वारसाने नाव लागलं, मला माहीत नव्हतं, आता कळलं. कोणी विचारण्याआधी स्वतःहून चूक दुरुस्त केली, ही गोष्ट त्यांच्या नियमांत उमेदवाराच्या बाजूने धरली जाते. परीक्षकाने खोदून काढल्यावर सांगितली तर तसं नाही.

इकडून काढायचं ते असं. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्याला पंधरा रुपये लागतात. त्याच्याबरोबर वारस नोंदीचा फेरफार काढा, नाव कोणत्या तारखेला लागलं ते त्यावरूनच कळतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे अंदाजे अडीच एकर. सामाईक खातं असेल तर भावाचा हिस्सा किती ते वेगळं लिहून द्या, नाहीतर सगळा गट त्याच्याच नावावर आहे असं वाटेल. परदेशी नागरिकत्व असलेल्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली चालते, तेव्हा त्यात बेकायदा काही नाही. विश्रामबागच्या घरावरही त्याचं नाव असेल तर मालमत्ता पत्रक काढा.

आता पैसे. जोडखातं आईचं असलं, व्यवहार तीच करत असली, तरी त्याचं नाव आहे म्हणजे ते त्याचं परदेशी खातं. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. एलआयसी पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यूही त्या बेरजेत येते. पतसंस्थेतली ठेव आणि साखर कारखान्याचा शेअर शोधा, सांगलीत प्रत्येक घरात एखादी पावती कपाटात पडलेली असतेच. परदेशी नागरिकाला आर्थिक मदत करता का, असाही प्रश्न फॉर्ममध्ये आहे. आईला दरमहा किती, कधीपासून, कोणत्या मार्गाने, याचा एका पानाचा तक्ता करा.

नातेवाईकांत घोळ होतो. आई, वडील, सख्खी भावंडं, सासू-सासरे, मुलं हे एसएफ-८६ च्या कलम १८ मध्ये. वारलेले वडीलसुद्धा. काका, मामा, चुलत-मावस भावंडं त्यात नाहीत. ज्यांच्याशी गेल्या सात वर्षांत जवळचा किंवा सततचा संबंध आहे तेवढेच कलम १९ मध्ये. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले सगळे नाहीत, ज्याच्याशी खरोखर बोलणं होतं तो. सैन्यातला भाऊ, पोलिसातला, तलाठी, जिल्हा परिषदेचा शिक्षक, हे सगळे सरकारी नोकर म्हणून तसेच लिहायचे. नोकरीचं ठिकाण आणि हुद्दा विचारतात, म्हणून ते आधीच विचारून ठेवा.

अजिंक्यतारा

बीपीची गोळी नेहमीप्रमाणे नेहमीच्या वेळी घ्यायची. त्या दिवशी मुद्दाम वगळायची नाही, वाढवायची नाही, कोणाच्या सांगण्यावरून झोपेची किंवा शांत करणारी गोळी तर अजिबात नाही. सगळ्या औषधांची नावं आणि डोस कागदावर लिहून परीक्षकाला द्यावेत. पाठदुखी, मधुमेह, हृदयाचा काही त्रास असेल तर तेही.

सर्दी-खोकला झाला तर फोन करून तारीख बदलून घ्यावी. एक खोकला आला की श्वासाची रेषा तिथेच बिघडते आणि फेरी पुन्हा घ्यावी लागते. रोज दोन कप चहा-कॉफी घेत असेल तर तेवढीच घ्यावी. एकदम सोडली तर डोकं दुखतं. उपाशी जाऊ नये. हाताला क्रीम लावू नये, बाही वर जाईल असा सैल शर्ट घालावा, सुरू होण्याआधी लघवीला जाऊन यावं. पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, कारण तीन-चार तास सहज जातात.

आणि ताई, आदल्या रात्री आईने ‘काय होईल रे’ म्हणून फोन करू नये. ती धास्ती तो सोबत घेऊन जाईल. इकडचे कागद चार दिवस आधीच पाठवून मोकळ्या व्हा.

विश्रामबाग

फेरफार उद्याच काढते. पतसंस्थेच्या दोन पावत्या सापडल्या. दोन्ही आईच्या नावावर, वारसदार (नॉमिनी) म्हणून भावाचं नाव. ह्या पण लिहायच्या का?

गटनंबर

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ठेव आईचीच आहे, त्यामुळे त्याच्या खात्यांच्या यादीत ती जात नाही. पण आता त्याला हे माहीत झालंय, तर मशीन लावण्याआधीच्या बोलण्यात एका वाक्यात सांगून टाकावं. पावत्यांवर मुदत संपल्याची तारीख बघा. मुदत संपून रक्कम जोडखात्यात वळती झाली असेल, तर तिथून पुढे तिचा हिशेब वेगळा होतो.