मदत हवी आहे : पिकत्या पानात परतीचा मार्ग नेमका केव्हा बंद होतो?

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या पानांच्या वार्धक्यावर वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. कोवळ्या पानात मिआर-१६४ हा मायक्रोआरएनए (जनुकांना आवर घालणारा आरएनएचा छोटा तुकडा) ओआरई-१ या वार्धक्य घडवणाऱ्या जनुकाला दाबून ठेवतो आणि पान जून होत जाते तसे, इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचा संदेश वाहणाऱ्या ईआयएन-२ या प्रथिनामुळे मिआर-१६४ चे प्रमाण घटून ओआरई-१ मोकळे होते, इथपर्यंत समजले. ओआरई-१ चे प्रथिन पुढे बीएफएन-१ हे न्यूक्लिएजचे (डीएनए व आरएनए तोडणाऱ्या विकराचे) जनुक थेट चालू करते. मात्र हरितलवके आधी मोडतात आणि केंद्रक बराच काळ शाबूत राहते, कारण पानातले नत्र बियांकडे रवाना होईपर्यंत पेशीला जगावेच लागते. तंबाखूचे पिवळे पडलेले पानसुद्धा वरचा शेंडा छाटल्यावर पुन्हा हिरवे होऊ शकते, हे तर मला चक्रावून टाकणारे वाटते. मग मृत्यू अटळ झाल्याची खूण कोणती मानावी: बीएफएन-१ ची वाढलेली अभिव्यक्ती (जनुक जास्त चालू होणे), डीएनएचे तुकडे, की पेशीपटल निकामी झाल्यावर ट्रिपॅन ब्लू या मृत पेशी दाखवणाऱ्या रंगद्रव्याने चढणारा निळा रंग? शिवाय वनस्पतींत खरे कॅस्पेज (प्राण्यांत पेशीमृत्यू घडवणारे प्रथिने तोडणारे विकर) नसताना प्राण्यांच्या पेशींसाठीच्या कॅस्पेज चाचण्यांवर कितपत विसंबावे, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.