पीएफ बुडवणारी पगाररचना: दंड फक्त मालकालाच का?

वेर्णेकर:
गोव्यात वेर्ण्यातल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. पगार २२,०००, त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, फक्त ८,०००. बाकी सगळा विशेष भत्ता आणि वाहन भत्ता. पीएफ कापला जायचा ८,०००च्या १२ टक्के, म्हणजे महिन्याला ९६०. विचारलं की एचआरचं उत्तर ठरलेलं: "कन्सल्टंटनं असंच बसवून दिलंय." २८ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकच धरायचा. मग कपात १५,०००च्या मर्यादेवर १,८०० झाली. त्याआधी दर महिन्याला माझे ८४० आणि मालकाचेही तेवढेच बुडत होते. अशी रचना विकणाऱ्या कन्सल्टंटवरही कारवाई हवी.

फोंड्याची_पेरोलवाली:
मी हेच काम करते. पीएफची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ला ६,५००वरून १५,००० झाली, मग दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच राहिली. त्याच्या वरच्या पगारावर कापायची सक्ती नाही. सरकारनंच रेघ एवढी खाली ओढलीय, तर मालक वर कशाला जाईल? आणि पोरं स्वतः येऊन सांगतात, ताई, जास्त कापू नका, गाडीचा हप्ता आहे.

वेर्णेकर:
ताई, रेघेपर्यंत गेले असते तर मी भांडलोच नसतो. आमचे मालक निम्म्यावरच थांबले.

म्हापशेकर_निवृत्त:
दोघंही पेन्शन विसरलात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, तेही जास्तीत जास्त १५,०००वरच, म्हणजे महिन्याला फार तर १,२५०. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, एवढंच हातात येतं. त्यामुळे बेसिक कमी दाखवला की पेन्शनही खाली येते. कन्सल्टंटबरोबर वकिलांना मात्र नावं ठेवू नका. ते कोर्टात झगडले म्हणूनच सुप्रीम कोर्टाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालानं आम्हा काही जणांना खऱ्या पगारावर पेन्शन मागता आली. माझ्या वकिलाला देव बरें करूं.

फोंड्याची_पेरोलवाली:
काका, पटलं. आता नव्या कामगार कायद्यात, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहितेत, भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचे वेतनातच धरतात. आठ हजारवाली रचना आता टिकणार नाही. पण कन्सल्टंट फक्त सल्ला देतो, सही मालकाची असते.

वेर्णेकर:
तिथंच माझं दुखणं आहे. २०२०मध्ये आम्ही सात जणांनी पणजीच्या पीएफ ऑफिसात तक्रार दिली. पीएफ कायद्याच्या कलम ७अ खाली थकबाकीची चौकशी झाली, वसुली झाली, दंड मालकानं भरला. पगाराचा तो तक्ता ज्या कन्सल्टंटनं लिहून दिला, त्याचं नाव आदेशात कुठंच नव्हतं.